नाव न सांगायचं औषध

देवास
१८ नोव्हेंबर २०२४

चि. चारूस,

दादाचे आशीर्वाद, आणि सोबत थोडा खोकला.

दिवाळीत तू फोन केलास तेव्हा मी सारखा "हो, हो" म्हणत होतो, ते ऐकू येत होतं म्हणून नव्हे. फोन जवळ नेला की कानातलं यंत्र शिट्टी मारतं. समोर सूनबाई ऋजुता खुणा करत होती, तिच्याकडे बघून मी हो की नाही ते ठरवत होतो. चुकून कशाला हो म्हटलं असेन तर ते रद्द समज. आपल्याला पत्रच बरं.

खोकल्याचं सांगतो. दिवाळीपासून जो धरलाय तो सोडत नाही. डॉक्टरचं सिरप घेतलं की झोप येते आणि जाग आली की खोकला पुन्हा हजर. एरवी मी खोकत बसलो असतो, पण दत्तजयंतीचा सप्ताह तोंडावर आलाय. देवळात पोथी वाचायचं काम प्रेसमधून निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे आहे. घडाघडा मराठी वाचणारे आता इथे राहिलेत किती? आमचे चिरंजीव पियूष अक्षर लावत वाचतात. नात तर विचारते, "आबा, ये हिंदीत नाही का भेटत?" मी बसलो नाही तर यंदा स्पीकरवर रेकॉर्ड लावू म्हणतात. माझ्या जागेवर डबडं बसवणार, चारू. ते मला बघवणार नाही.

परवा असाच खोकत होतो आणि एकदम इंदूआत्या आठवली. धारला हटवाड्याच्या गल्लीत तुम्ही खाली, आम्ही वर, आणि जिन्याखालच्या खोलीत ती, आपली एकुलती एक आत्या. थंडी पडली की गल्लीतली सगळी पोरं तिच्या दारात रांग लावायची. आधी तो कडू घोट आणि मग बक्षीस म्हणून गालात धरायला गोड कांडी. कांडीचं नाव घेत नाही, बघ. इतक्या वर्षांनी नियम पाळतोय. त्या कांडीसाठी मी किती खोटा खोकलो असेन. आता खरा खोकला आलाय तर आत्या नाही. पुढे जे झालं ते झालं, त्याबद्दल बोलायला नको, पण काढा तिचाच.

शेवटच्या वर्षांत तिचं सगळं तूच केलंस. तुला येत असेल ना तो?

दादा


धार
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,

नमस्कार, आणि खोकल्याला रजा.

दिवाळीत तू कशाला हो म्हणालास ते ऐक. मी विचारलं, "माझ्यावर रागावला आहेस का?" तू म्हणालास, "हो, हो, अगदी."

येतो मला काढा. न येऊन सांगते कुणाला? अडतीस वर्षं मुलींना संस्कृत शिकवलं ते विसरले, पण आत्याचं प्रमाण हाताला पाठ आहे. ती बोलून शिकवतच नसे. शेजारी बसवून घ्यायची, चिमूट माझ्या तळहातावर ठेवायची आणि मूठ मिटायला लावायची. एवढं. आता आपलं घर पाडून तिथे मोबाइलचं दुकान झालंय. जाता-येता मी तिकडे बघत नाही. अंगणातलं ते एक झुडूप मात्र मी आधीच फांदी आणून माझ्या दारात लावलंय. बाकीचं गणोजी पंसाऱ्याच्या जडीबुटीच्या दुकानातून आणलं, निवडलं, वाळवलं, जाडसर कुटलं.

पियूष पीथमपूरची शिफ्ट संपवून आज इकडेच आलाय. जेवायला बसलाय. त्याच्याबरोबर पुडी देते. कपभर पाण्यात चमचाभर घालायचं, अर्धं होईतो उकळायचं.

आणि नियम आठवतो ना? देणाऱ्यानं नाव सांगायचं नाही, घेणाऱ्यानं विचारायचं नाही. ओळखता आलं तरी तोंडातून काढायचं नाही. सून, शेजारी, डॉक्टर, कुणापाशीही नाही. नाव निघालं की गुण गेला. आभारसुद्धा मानायचे नाहीत. तुला ते जड जाणार नाही, तू कधी मानले नाहीसच.

डबड्याला तुझी जागा देऊ नकोस.

चारू


देवास
२० डिसेंबर २०२४

चि. चारूस,

आभार मानत नाही. फक्त हकिगत सांगतो.

पहिल्या घोटाला डोळ्यांत पाणी आलं. कडूपणामुळे असं ऋजुताला सांगितलं. खरं म्हणजे त्या वासाबरोबर सगळी गल्ली घरात शिरली. पलंगावर वाळत घातलेला पाला, आत्याचा पितळी खल, वरून आईची हाक, आणि माझ्या मागे रांगेत तू, माझा सदरा ओढत. चार-सहा दिवसांत खोकला असा गेला की गेला कुठे ते विचारायला हवं. सप्ताह पुरा वाचला. शेवटच्या दिवशी आवाज मंडपाबाहेर जात होता. पुजारीबुवा म्हणाले, "भिया, आवाज तो जवान हो गया." मी नुसता हसलो. काय घेता म्हणून सगळ्यांनी विचारलं, मी कुणाला दाद दिली नाही.

एकच पंचाईत. डॉक्टरनं ब्लडप्रेशरची गोळी बदललीय. नवी गोळी सारखी लघवीला पळवते. अध्याय संपायच्या आत दोनदा पोथी झाकावी लागली. देवानं सांभाळून घेतलं.

पुडी संपत आली. मी आता सकाळचा चहा सोडून हेच घेतो, दुपारीही घेतो. गोड लागतं, साखर नको. अजून थोडी पाठवशील? आणि पुढच्या पत्रात लिही, आपल्या खालच्या ओट्यावर बसायचे त्या तबलेवाल्यांचं नाव काय होतं? मला झोप लागत नाही आठवेपर्यंत.

दादा


धार
१६ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

तिळगूळ सोबत आहे. ऋजुताला सांग, कडक झालाय, आबांच्या दातांना देऊ नये.

तबलेवाल्यांचं नाव मलाही आठवेना. दोन दिवस घरभर फिरले आणि वरण ढवळताना आठवलं. सदुभाऊ. त्यांची बायको ओरडायची की हा माणूस जेवताना ताटसुद्धा वाजवतो.

पुडी नाही, या वेळी डबाच पाठवतेय, मोठा. आत्यासारखी कंजुषी मला जमत नाही. आठवतं का, बाटली दिली की आठवड्यानं स्वतः घेऊन जायला यायची? तळाशी दोन घोट उरलेले असले तरी मोरीत ओतायची आणि बाटली पदराखाली घालून चालू पडायची. "आत्या, अजून खोकला आहे," म्हटलं तरी ऐकायची नाही. म्हणायची, "आता तुझा तू बरा हो." आपण तिला चिक्कू आत्या म्हणायचो. बाटलीवरून कोण एवढा जीव टाकतं?

दादा, खरं सांगू? शाळा सुटली, नंतर शिकवण्या सुटल्या. मुलींना आता यूट्यूबवर सगळं मिळतं. माझ्याकडे कुणी काही मागायला येत नाही. तू मागितलंस तेव्हा मी सकाळी उठून आंघोळ करून कुटायला बसले, सण असल्यासारखी. तुझा आवाज मंडपाबाहेर गेला हे वाचून मी दारातल्या झुडपाला दोन तांबे पाणी जास्त घातलं.

घे पोटभर. संपला की कळव.

चारू


देवास
११ मार्च २०२५

चि. चारूस,

उत्तराला उशीर झाला. हात जरा जड झालेत, अक्षरावरून कळेलच.

घाबरण्यासारखं काही नाही. वय म्हणतात ते हेच असावं. पाय सुजतात. चप्पल संध्याकाळी लहान होते आणि सकाळी पुन्हा माझी होते. पोटऱ्यांत गोळे येतात. परवा टेकडीवर देवीला निघालो, दहा-वीस पायऱ्यांत बसलो. पियूष म्हणाला, "बाबा, रोपवेने चला." मी घरी परत आलो. रोपवेनं जायचं तर देवीनंच खाली यावं.

ब्लडप्रेशर वाढतंच आहे. डॉक्टरनं गोळी दुप्पट केली. गेल्या वेळी तो फार खोदून विचारत होता, "दादाजी, और कुछ लेते हो क्या? कोई देसी दवा, चूर्ण?" ऋजुता माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "कुछ नहीं." शब्द म्हणजे शब्द. आणि खोटं तरी कसं? काढा म्हणजे काही दवा नव्हे. तो तर आपल्या घरातला.

सगळ्या दिवसात तेवढीच एक गोष्ट गोड लागते. डबा संपत आलाय. पाठवशील?

सदुभाऊ बरोबर. बायकोचं नाव मथुरा होतं. मला आठवलं.

दादा


धार
२० मार्च २०२५

प्रिय दादा,

आधी रागव, मग वाच. मी नाव घेतलं.

हे पत्र तुझ्या हातात पडेल त्याच्या आधीच मी ऋजुताला फोन केलाय आणि काढ्यात काय काय आहे ते सगळं सांगितलंय. तुलाही सांगते. अडुळसा, बेहडा, मिरी आणि ती गोड कांडी, म्हणजे ज्येष्ठमध. इथले लोक मुलेठी म्हणतात. चिमूटभर असायचं ते. मी तुझ्या आवडीसाठी मूठभर घातलं.

काढा आजपासून बंद. एक घोटही नाही.

तुझं पत्र आलं ते मी उभ्यानंच वाचलं. "पाय सुजतात" या शब्दांपाशी आले आणि मला आत्याचा अंगठा आठवला. मोठं माणूस काढा मागायला आलं की ती त्याला ओट्यावर बसवायची, धोतर किंवा साडी जरा वर घ्यायला लावायची आणि नडगीवर अंगठा दाबायची. आपल्याला ते गमतीचं वाटायचं. खळगा पडला आणि भरून आला नाही, तर हात जोडायची. "माझ्याकडे नाही तुमच्यासाठी काही." का नाही, ते सांगायची नाही. नियम तिलाही होताच.

दादा, तुझ्या वडिलांना, तात्यासाहेबांना, तिनं तसंच परत पाठवलं. तेव्हा त्यांचे पाय सुजत होते. ते म्हणाले, "गल्लीला देतेस आणि सख्ख्या भावाला नाही?" ती मान खाली घालून बसली. त्यांनी तिच्या हातचं पाणी सोडलं, आणि ते गेले ते तसेच. तूही मग जिन्याखाली पाऊल टाकलं नाहीस. ती गेली तेव्हा दिवसांनासुद्धा आला नाहीस. बोलायला नको असं तू लिहिलंस, पण आता बोलायला हवं. ती त्यांच्यावर डूख धरून नव्हती. त्यांना जपत होती, आणि तोंड उघडता येत नव्हतं.

मी सरकारी आयुर्वेद दवाखान्यात गेले. अल्पना म्हणून डॉक्टर आहे, माझ्याच शाळेतली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाई, औषध छानच आहे. खोकला त्यानंच गेला असणार. मीसुद्धा देते. पण थोडं आणि थोडे दिवस. ज्येष्ठमध महिनोन्महिने घेतलं की अंगात पाणी साठतं, ब्लडप्रेशर चढतं आणि पोटॅशियम उतरतं. त्यात दादांची ती लघवीची गोळीही पोटॅशियम बाहेर टाकते. दोन्हीकडून गळती. हृदयाचे ठोके चुकतात त्यानं." मग विचारलं, "त्यांच्या डॉक्टरांना ठाऊक आहे ना?"

मी तिथूनच फोन लावला. दवाखान्यात, सगळ्यांसमोर, मोठमोठ्यानं एकेक नाव घेतलं. आत्या बाटली परत का न्यायची ते तेव्हा कळलं मला. तिनं घालून दिलेलं थांबणं मी सोडलं आणि गप्प बसणं तेवढं धरून ठेवलं.

गुण गेला तर जाऊ दे. तू राहा.

चारू


देवास
१५ एप्रिल २०२५

आदरणीय धारच्या आजी,

सादर प्रणाम. मी किमया. मराठीत पहिल्यांदा लेटर लिहून राहिली आहे, गलती झाली तर माफ करा. बोलता येते पण लिहायला लई टाइम लागते. मम्मी म्हणाली फोन कर, पण आबांची चिठ्ठी नाही आली तर तुम्हाला वाईट वाटले असेल, म्हणून चिठ्ठीच.

तुमचा फोन आला ना, त्याच दिवशी मम्मीने डॉक्टर अंकलला सगळे नाव सांगितले. ते बोलले, "यही तो मैं पूछ रहा था इतने दिन से." लगेच भर्ती केले. पोटॅशियम खूपच कमी निघाला. धडकन पण ठीक नव्हती, स्क्रीनवर मध्ये मध्ये गडबड येत होती. डॉक्टर अंकल बोलले अजून थोडे दिवस असेच चालले असते तर काही पण होऊ शकत होते. पापा बाहेर बसून रडले. मी त्यांना कधी रडताना नाही बघितले.

आता आबा घरी आहेत. गोळी बदलली. सूजन कमी आहे. रोज नारळपाणी आणि केळी, डॉक्टरला विचारून. चालतात थोडे थोडे, मीठा तालाबपर्यंत मी सोबत जाते.

पण आजी, आबा नाराज आहेत. तुमची चिठ्ठी त्यांनी हॉस्पिटलमध्ये वाचली. मग घडी करून ठेवून दिली आणि दोन दिवस यंत्रच नाही लावले कानात. मी बोलली, "आबा, आजीला लिहा ना." तर बोलले, "काय लिहू?" बस्स. मम्मी डबा फेकणार होती तर तिच्यावर ओरडले. डबा आता त्यांच्या कपाटात आहे. पिऊन नाही राहिले, मी रोज चेक करते. फक्त उघडतात, वास घेतात आणि बंद करतात.

त्या चिठ्ठीत काय होते मला नाही माहीत. तुमचे अक्षर मला वाचता येत नाही. शिकून घेईन.

तुमची
किमया


धार
२१ एप्रिल २०२५

प्रिय दादा,

किमयाचं पत्र आलं. त्यात एकही ओळ धड नाही आणि इतकं चांगलं पत्र मला कित्येक वर्षांत आलं नव्हतं. तिला सांग, आजीनं लाल शाई काढली नाही.

तू लिहीत नाहीस. ठीक आहे. नाव घेतल्याचा राग असेल, किंवा तात्यासाहेबांचा विषय काढल्याचा. दोन्ही मी पुन्हा करीन.

मला वेगळंच सांगायचं आहे. आत्याला बाटली परत न्यायला जमलं, मला का जमलं नाही, याचा मी विचार करत होते. तिला गल्लीतली रांग होती. माझ्या रांगेत तू एकटा. पुडी संपत आली तेव्हाच तुझं पत्र आलं, हे माझ्या ध्यानात आलं होतं. मोठा डबा पाठवला आणि वाटलं, लहान पाठवला असता तर पत्र लवकर आलं असतं. पण संपेल तेव्हा येणार नक्की, एवढं माहीत होतं. तुझा जीव त्यात जात होता आणि मी पोस्टमनची वाट बघत होते.

आता पाठवायला काही नाही. पत्रं थांबतील असं वाटतं. थांबली तर तुला दोष नाही. प्रकृती सांभाळ. डॉक्टर विचारील ते सगळं सांगत जा, तुळशीचं पान खाल्लंस तरी सांग.

चारू


देवास
६ जून २०२५

चि. चारूस,

तू मास्तरीण आहेस, तेव्हा हे पत्र नीट तपासून बघ. यात कुठेही काही मागितलेलं नाही. पूड नको, डबा नको. दारातल्या अडुळशाचं पानसुद्धा नको. मी बरा आहे. काल टेकडीच्या अर्ध्यापर्यंत गेलो, उरलेलं अर्धं देवीला उधार ठेवलं.

मी रागावलो होतो, पण तुझ्यावर नाही. तुझं ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं की नर्सबाईनं विचारलं, "कोर्टाचं आहे का?" त्यात तू माझ्या बापाला आणि आत्याला एकदम परत आणलंस. दोघांनाही काय तोंड दाखवू ते कळेना, म्हणून लिहिलं नाही. तात्यासाहेबांनी तिच्या हातचं पाणी सोडलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. ती काही बोलली नाही म्हणून मी तिला दगड समजलो. आणि तीच गत माझी. तो डॉक्टर चांगुलपणानं विचारत होता आणि मी त्याच्यासमोर तोंड शिवून बसलो, मोठा शब्दाचा पक्का. देवळात मी आता सांगून टाकलंय, सप्ताहात काय घेता म्हणून विचारत होते त्या सगळ्यांना. ज्येष्ठमध, असं माइकवरून सांगितलं. कुणाला चालतं, कुणाला नाही, तेही. स्पीकरचा तेवढा उपयोग झाला.

किमया रोज संध्याकाळी माझ्याजवळ बसून तुझी पत्रं वाचायला शिकते. "ज्ये" वर अडते. काल "कंजुषी" वाचून तिला हसू आवरेना.

आता तुझ्या शेवटच्या पत्राबद्दल. चारू, तू हुशार, पण एवढंही ओळखलं नाहीस? खोकला माझा दत्तजयंतीलाच गेला होता. तसं मी लिहिलंही होतं. मग मी पुढे काढा कशाला मागत होतो? तुझी वहिनी सुधा गेल्यापासून या घरात माझ्याशी खुणांनी बोलतात. माणसं चांगली आहेत, पण खुणेनं सदुभाऊंचं नाव कसं विचारायचं? तुला लिहावंसं रोज वाटे. पण म्हाताऱ्या भावानं बहिणीला नुसतंच काय लिहायचं? काही काम तर हवं. काम म्हणून काढा मागायचो. आणि आधीचा संपल्याशिवाय पुढचा मागता येत नाही, तेव्हा सकाळ-दुपार बसून तो संपवत होतो.

हे पत्र बिनकामाचं आहे. पुढच्या सोमवारी आणखी एक लिहितो.

दादा